कात्री न लावलेली पैठणी

नारोबा शिंप्यांच्या तोंडून 'कापतो' हा शब्द मी कधी ऐकला नाही. 'कापड मोकळं करतो' असं ते म्हणत. अंगणात पोरांनी केळीचं पान फाडलं तर तेही तुम्ही 'मोकळं केलं' म्हणाल का, असं मी एकदा थट्टेनं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "केळीला नवं पान येतं, पंत. कापडाला येत नाही."

आमची ओळख झाली ती ठाण्याला, खाडीच्या बाजूच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात. तिथे एक न्यायाधीश साहेब राहत. त्यांना मराठीची खात्याची परीक्षा द्यायची होती, म्हणून मी रोज सकाळी त्यांना शिकवायला जाई. माझी पंचविशी नुकतीच उलटली होती, लग्न झालं होतं, आणि साहेबांच्या शिफारशीनं सरकारी शाळेत नेमणूक व्हावी एवढी एकच आशा मनात होती. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चटई टाकून नारोबा साहेबांच्या मडमचे झगे शिवत बसलेले असत. पन्नाशीचे, अंगानं काटकुळे, डोक्याला पागोटं आणि पागोट्यात खोचलेल्या पाच-सहा सुया. प्रत्येकीत निराळ्या रंगाचा दोरा. मडमची हिंदुस्थानी मोडकीतोडकी होती आणि नारोबांना इंग्रजीतले दोनच शब्द येत, 'यस' आणि 'टुमारो'. त्यामुळे साहेबांचा धडा संपला की मडम मला हाक मारी, आणि मी दोघांच्या मध्ये उभा राहून तिचं त्यांना, त्यांचं तिला सांगे.

नवं कापड आलं की नारोबा त्याची घडी मोडत, ते मांडीवर पसरून घेत आणि नुसते बसून राहत. चांगला तासभर. पहिल्या वेळी मडम अगदी बेचैन झाली.

"हा करतोय तरी काय? विचारा त्याला."

मी विचारलं. नारोबा कापडावरून हात न काढता म्हणाले, "पडतं कसं ते बघतोय. हरेक कापडाची पडायची एक तऱ्हा असते. ती कळली की पुढं सोपं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि तीही कापडाकडे बघत राहिली. बाई उमदी होती, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. पुढे जे झालं त्यात तिचा दोष सगळ्यात कमी होता.

तिच्याकडे पॅरिसहून रंगीत चित्रांचे कागद येत. तिकडचे मोठे शिंपी दर हंगामाला नवे झगे काढत, त्यांची ती चित्रं. त्या वर्षांत तिकडे पूर्वेचं वेड होतं. कुठे चिनी पक्षी, कुठे तुर्की कमरपट्टा, कुठे जपानी फुलं. एकदा तिनं एक चित्र नारोबांपुढे धरलं. त्यातल्या बाईच्या अंगावर जपानी तऱ्हेचा सैल झगा होता, बाह्या रुंद आणि खाली लोंबणाऱ्या. मडमला शंका होती की हे त्यांना जमणार नाही.

नारोबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "जपान कुठंसं आलं?"

"चीनच्याही पलीकडे," मी म्हणालो. "समुद्रात."

"लांब आहे," ते म्हणाले आणि उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी आपल्या आजाचा जुना अंगरखा आणला. तो जमिनीवर सपाट पसरला आणि चित्र त्याच्या शेजारी ठेवलं. बोटानं दाखवत गेले. हा सरळ पट्टा, हा सरळ पट्टा, ही चौकोनी बाही. "बघा. वळण कुठंच नाही. साहेबलोकांचे झगे अंगाप्रमाणं बेततात, त्यात निम्मं कापड चिंध्यांत जातं. हे जपानी लोक आपल्यासारखेच दिसतात. विणकरानं जेवढं दिलं तेवढं सगळं वापरायचं. या बाहीची आणि आपल्या अंगरख्याची आजी एकच असणार." तो झगा त्यांनी पाच दिवसांत शिवला. चिंध्या उरल्या त्या माझ्या मुठीत मावल्या असत्या.

दुसरी गोष्ट कोयरीची. मडमनं विलायतेहून एक शाल मागवली होती, तिच्यावर मोठमोठ्या कोयऱ्या होत्या. तिनं मला त्या नक्षीचं एक इंग्रजी नाव सांगितलं आणि ती तिच्या देशातल्या एका गावची नक्षी आहे, तिथल्या मागांवर निघते, असं अभिमानानं सांगितलं. मी नारोबांना सांगितलं. त्यांनी शाल हातात घेऊन एका कोयरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ही तर कोयरी. माझ्या आईच्या चोळीच्या खणावर होती." मी म्हणालो, मडम म्हणतात ती त्यांच्याकडची आहे. त्यावर त्यांनी शाल नीट घडी करून माझ्या हातात दिली. "असेल. सासरी फार वर्षं राहिली की पोरगी तिकडचीच होते. त्यांना म्हणावं, माहेरपणाला आली आहे, चार दिवस राहू द्या." हे मी मडमला तसंच सांगितलं आणि ती खळखळून हसली. त्यांचं बोलणं मी तेव्हा तसंच्या तसं सांगत असे.

आता पैठणीचं.

कल्याणला माझे एक स्नेही होते, विनायकराव. जुनं घराणं, पेशवाईत मान असलेलं. त्यांना ठाण्याच्या कोर्टात जागा हवी होती. गप्पांत मी त्यांना म्हणालो की साहेबांच्या मडमला जुन्या कापडाचा फार नाद आहे, एखादं चांगलं वस्त्र दिसलं की ती सगळं विसरते. मी हे केवळ गंमत म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी विनायकराव बंगल्यावर आले ते एक पैठणी घेऊन. हिरवी नऊवारी, पदरावर भरगच्च जरीची वेल, शंभर वर्षांपूर्वीचं काम. घरात नुसती पडून आहे, मडमसाहेबांनी ठेवून घ्यावी, असं ते म्हणाले आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. मडमनं ती व्हरांड्यातच उलगडली. पुण्याला लाटसाहेबांच्या बंगल्यावर नाच व्हायचा होता. त्यासाठी हिचाच झगा करायचा, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

नारोबांनी पैठणी मांडीवर घेतली. त्या दिवशी ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

दोन दिवसांनी, मी त्यांच्या घरी मडमचा एक निरोप सांगायला गेलो असताना, दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, बरोबर एक म्हातारा गडी. कल्याणहून रेल्वेनं आली होती. तिनं तोंड वर केलं तेव्हा मी ओळखलं. विनायकरावांच्या थोरल्या भावाची विधवा, येसूवहिनी. त्या काळी सोवळी बाई भरदिवसा गाव ओलांडून शिंप्याच्या दारात येणं म्हणजे काय, ते आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही. मला पाहून ती दचकली, पण परत फिरली नाही.

"नारोबा शिंपी आपणच?"

"होय बाईसाहेब. आत या."

"आत नाही येत. एक विचारायचंय. ती हिरवी पैठणी... कापली?"

"नाही."

तिनं दाराची चौकट धरली. "माझ्या लग्नातली आहे ती. सासूबाईंनी स्वतः अंगावर घातली होती. माझी ठकू अकराची झाली, पुढच्या वर्षी लग्न करायचं म्हणतात. तिला मी सांगून ठेवलं होतं, की बोहल्यावरून उतरलीस की ही नेसायची. भाऊजींनी मला विचारलं नाही. मला कोण विचारतं म्हणा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत मागायला आले नाही मी. तेवढं कळतं मला. फक्त कापू नका. कुठंही राहू दे, पण अखंड राहू दे."

नारोबा उभे होते. त्यांनी पागोटं नीट केलं. "बाईसाहेब, माझ्या हातून तिला कात्री लागणार नाही," ते म्हणाले. "हा शब्द."

ती गेल्यावर मी म्हणालो, "अहो, भलताच शब्द देऊन बसलात. झगा कसा करणार?"

"करणार," ते म्हणाले. "मला दोन दिवस द्या."

आणि त्यांनी केला. त्या काळच्या झग्यांना कमरेमागे मोठा फुगवटा असे, आत वेताचा सांगाडा बांधून केलेला, आणि त्यावर कापड चुण्या घालून सोडलेलं. नारोबांनी वेताची एक उभी बाहुली करून घेतली, मडमच्या मापाची, आणि तिच्यावर ते नऊ वार गुंडाळत गेले. पुढून आडवी घडी, कमरेशी खोचून मागे नेलेली, फुगवट्यावर दुमडलेली, आणि शेवटी तो जरीचा पदर पाठीमागून जमिनीपर्यंत सोडलेला. चोळीसाठी ठाण्याच्याच विणकरांकडचं त्याच हिरव्या रंगाचं साधं रेशीम घेतलं. पैठणीवर सगळा धावदोरा, तोही मोठ्या टाक्यांचा. मला जवळ बोलावून त्यांनी हळूच दाखवलं. "हा दोरा ओढला की सगळं सुटतं. घटकाभरात पुन्हा लुगडं."

मडमनं तो झगा घालून आरशात पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या नाचात, तिनंच मला सांगितलं, बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. हा पॅरिसच्या कुठल्या घरचा, असं एकीनं विचारलं. फोटो काढला गेला, त्याच्या प्रती विलायतेला गेल्या.

ती परत आल्यावर नारोबांनी मला गाठलं. ते सहसा कुणाला काही मागत नसत, म्हणून बोलताना अडखळत होते. "पंत, मडमला एक विचारा. नाच झाला, हौस झाली. आता ती पैठणी उसवून ज्यांची त्यांना परत देतील का? मी त्यांना दुसरा झगा करून देतो, याच तऱ्हेचा. म्हणतील त्या कापडाचा. हात जोडून मागतोय म्हणावं."

आम्ही मडमसमोर उभे राहिलो. नारोबांनी खरोखरच हात जोडले होते.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी पुढे अनेकदा आठवून पाहिलं आहे. पैठणी कुणाची, कशी आली, हे निघालं की विनायकरावांनी कोर्टातल्या जागेसाठी ती भेट दिली हे साहेबांपुढे उघड होणार. ती भेट आणायला कारण मी. साहेब तापट. माझी शिफारस त्याच आठवड्यात जायची होती. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणालो, "तो विचारतोय, झगा आपल्याला पसंत पडला ना?"

"फार!" मडम म्हणाली. तिनं नारोबांकडे पाहून मान डोलावली, हसली. "त्याला सांगा, मी हे कधी विसरणार नाही."

"काय म्हणाल्या?" नारोबांनी विचारलं.

"म्हणाल्या... लक्षात ठेवीन," मी सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्याच आठवड्यात ते कल्याणला जाऊन येसूवहिनींना सांगून आले, की मडम भली आहे, लग्नाच्या आत पैठणी मिळेल.

माझी शिफारस गेली. मी चार महिने रोज व्हरांड्यात त्यांच्याजवळून जात होतो. ते मधूनच विचारत, "आठवण करू या का?" मी म्हणे, "इतक्यात नको, घाई बरी दिसत नाही." प्रत्येक वेळी ते मान हलवून पुन्हा सुईकडे वळत. माझ्यावर त्यांचा इतका भरवसा होता की मला त्यांच्या चटईकडे पाहवत नसे.

मग मला हिवतापानं आठ दिवस अंथरुणाला खिळवलं. त्याच आठवड्यात मडमच्या बहिणीचं विलायतेत लग्न ठरल्याचं पत्र आलं. बहिणीसाठी त्या पदराची खांद्यावरून घ्यायची ओढणी करून पाठवायची, असं मडमनं ठरवलं. नाचताना घड्या सुटतात म्हणून खालचं कापडही बेतून पक्कं शिवायला सांगितलं. तिनं झगा नारोबांपुढे ठेवला आणि बोटांनी कात्रीची खूण केली.

नारोबा नको म्हणाले. पुन्हा खूण केली, पुन्हा नको म्हणाले. त्यांनी काही समजावून सांगितलंही असेल, पुष्कळ सांगितलं असेल; पण समजणारं तिथे कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी आपली कात्री तिच्या पायाशी ठेवली आणि ते निघून गेले. मडमला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिनं मुंबईहून दुसरा शिंपी बोलावला.

मी अशक्त पायांनी पुन्हा बंगल्यावर गेलो तेव्हा पदर आगबोटीवर चढला होता, आणि व्हरांड्यात हिरव्या रेशमाचे लांब तुकडे पडले होते. मडम माझीच वाट पाहत होती.

"नारोला झालं तरी काय? मी त्याला काय बोलले?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. विनायकराव, येसूवहिनी, ठकू, आणि नारोबा हात जोडून काय मागत होते ते. ती हळूहळू खुर्चीवर बसली.

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी त्याच दिवशी दिली असती. एक दोराच तर ओढायचा होता." मग तोंड फिरवून म्हणाली, "तुम्ही आता जा."

मी तिथून नारोबांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते. मी उभ्याउभ्याच बोललो, काही लपवलं नाही. ते ऐकत होते आणि एकदाही त्यांनी मला अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हणजे तिला ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मी इतके दिवस तिलाच मनातल्या मनात बोल लावत होतो." ते उठले. "कल्याणला जायला हवं. मी शब्द दिला होता, मीच सांगायला हवं."

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"नको," ते म्हणाले. रागानं नव्हे, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही तिथं मराठीतच बोलाल, पण त्यातलं खरं किती, ते मला कळणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मडमनं उरलेले तुकडे धुवून, बांधून नारोबांकडे पाठवले. ते घेऊन ते गेले. येसूवहिनी काय म्हणाल्या, ते मला त्यांच्या गड्याकडून कळलं. त्यांनी गाठोडं सोडलं नाही. दारातच विचारलं, "यात पदर आहे?" नारोबा नाही म्हणाले. "मग ठकूला दाखवायला नको," असं म्हणून त्या आत गेल्या. ठकू लग्नात बाजारातलं लुगडं नेसली. मी त्या लग्नाला गेलो नाही. विनायकरावांना कोर्टात जागा मिळाली, मला शाळेत मिळाली. नारोबांनी बंगल्यांचं काम सोडलं.

वर्ष-दीड वर्षानं त्यांचा निरोप आला. एक इंग्रजी पत्र आलंय, वाचायला या. ते तेव्हा खाडीपलीकडे कळव्याला मिठागरांवर काम करत होते. मी होडीनं गेलो. पांढऱ्या ढिगांच्या कडेला, उन्हात, एका झापाखाली ते मिठाच्या गोण्या शिवत बसले होते. हातात दाभण आणि सुतळी. बोटांच्या टोकांना मिठानं चिरा पडल्या होत्या. आगरी बाया भरलेल्या गोण्या डोक्यावरून गलबताकडे नेत होत्या.

"बसा, पंत," ते म्हणाले. एका पालथ्या पाटीवर जागा करून दिली आणि कमरेचं पत्र काढलं. "जसं असेल तसं वाचा."

पत्र मुंबईच्या कोट भागातल्या, झगे शिवणाऱ्या एका मडमचं होतं. मी एक-एक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. पुण्याच्या नाचातला तो फोटो विलायतेहून पॅरिसला पोचला. तिथल्या एका बड्या शिंप्यानं तशीच घडी घालून झगे काढले, त्यांना आपलं नाव दिलं, आणि ते फार गाजले. आता मुंबईच्या मडमांना तसलेच हवे होते. पण ती घडी इथल्या कुणाला साधत नव्हती. तो पॅरिसचा शिंपी ही रीत कुणाला दाखवत नाही. हा झगा मुळात ठाण्याच्या एका माणसानं केला असं कळलं आहे, तेव्हा त्यानं येऊन ती शिकवावी.

"माझं नाव आहे त्यात?"

मी पुन्हा पाहिलं. नाही म्हटल्यावर कसं वाटेल, हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला. "नाही. 'ठाण्याचा तो शिंपी' असं आहे."

त्यांनी मान हलवली. गोणीचं तोंड पुढे ओढून दोन टाके घातले. "लिहायला आणलंय काही?"

मी शाई-टाक बरोबर नेला होता. कागद गुडघ्यावर घेतला.

"लिहा. त्यात शिकवण्यासारखं काही नाही." ते समोर बघत होते. एक आगरी बाई गोणी टाकून परत येत होती. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, मागे खोचलेला काष्टा. "लिहा, की नऊ वार कापड घ्यावं आणि खाडीवरच्या कुठल्याही बाईला म्हणावं, नेस. ती नेसताना नीट बघावं. मी तेवढंच केलं होतं. पॅरिसच्या शिंप्यालाही हेच कळवावं. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही म्हणावं."

मी लिहिलं. इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं, आणि मग त्यांना परत मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तेच म्हणालो मी?"

"तेच."

"मग द्या धाडून," ते म्हणाले. दाभणात ओवायला त्यांनी सुतळी तोंडाजवळ नेली, टोक ओलं केलं. होडीवाला हाका मारत होता, ओहोटी लागली होती. मी उठलो. मला काहीतरी बोलायचं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं, असं मला वाटतं, कारण मान वर न करता ते म्हणाले, "चिखल आहे. जपून जा."

होडी मधोमध आल्यावर मी वळून पाहिलं. दोन बाया नवी गोणी त्यांच्यापुढे उभी धरून होत्या, आणि ते वाकून तिचं तोंड शिवत होते.